दोन घरांमधील जागा

बोरीबंदरावर उतरलेल्या परगांवच्या पाहुण्यानें गिरगांवांतील एखाद्या बिऱ्हाडाचा पत्ता विचारला, तर रस्त्याचें पाटीवरील नांव त्यास सहसा कोणी सांगत नाहीं. "अमक्या नाक्यावर उतरा, देवळावरून डावीकडे वळा, पुढें वाडीचें तोंड लागेल," असें उत्तर मिळतें. दादरचा टी. टी. हा याचा उत्तम मासला आहे. ही अक्षरें ट्रामच्या शेवटच्या स्थानकाचीं. १९६४ सालीं मुंबईची ट्रामच बंद झाली आणि चौकाचें नांव खोदादाद सर्कल आहे. तरी लोकांच्या तोंडून टी. टी. कांहीं जात नाहीं.

शहर माणसाच्या मनांत कसें साठविलेलें असतें, हें अशा उत्तरांवरून कळतें. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकारानें बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांस आपापल्या शहराचे नकाशे आठवणीनें काढावयास लावले व त्यावरून १९६० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मनांतील शहर पांच गोष्टींचें बनलेलें असतें, असें त्याचें म्हणणें. ज्यावरून जावयाचें ती वाट. जेथें एक भाग संपतो ती कड. ज्याचा तोंडवळा वेगळा ओळखूं येतो तो विभाग. जेथें वाटा मिळतात तो नाका. आणि दुरून दिसणारी खूण. मुंबईकरास यांतील एकही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. राजाबाई टॉवर ही खूण, मरीन ड्राइव्ह ही कड. रेल्वेचे रूळ हीसुद्धां कडच होय. दादरच्या पूर्वेकडील माणूस पश्चिमेस जावयाचें झालें कीं 'पलीकडे जातों' म्हणतो.

आतां या पांचांतील वाट व नाका यांकडे बारकाईनें पाहावें. हीं इमारतींचीं नांवें नव्हेत, इमारती जेथें नाहींत त्या जागेचीं आहेत. येथेंच शिल्पशास्त्र आणि नगररचना यांच्या वाटा फुटतात. घरास मालक असतो, त्याचा नकाशा काढणारा शिल्पज्ञ असतो; दोन घरांमधील जागेस मात्र नियमाखेरीज वाली नसतो. ती जागा कोणीतरी आधीं ठरवून राखली, तरच राहते.

मुंबईच्या कोट भागांत हा नियम डोळ्यांनीं पाहतां येतो. पूर्वीच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे हल्लींच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, प्रत्येक इमारतीचा थाट निराळा आहे. परंतु तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठीं कमानींची ओवरी ठेवलीच पाहिजे, असा दंडक १८९६ सालीं घालण्यांत आला. ऐन पावसांत छत्री न उघडतां त्या ओवऱ्यांतून चालणाऱ्यास रस्ता एकसंध वाटतो, तो त्या दंडकामुळें. हॉर्निमन सर्कलचेंही तेंच. टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या पटांगणाभोंवतीं एका नमुन्याच्या इमारती वर्तुळांत उभारल्या गेल्या आणि मधली बाग १८७२ सालीं पुरी झाली. तेथील एकेक इमारत अलग काढून पाहिली तर तींत फारसें नवल नाहीं. सारी शोभा त्या सर्वांनीं मिळून धरलेल्या वर्तुळाची आहे.

मैदानांची कथा याहून चमत्कारिक आहे. किल्ल्यावर चालून येणारा शत्रु दुरून दिसावा व तोफांच्या माऱ्यांत यावा, म्हणून तटाबाहेर विस्तीर्ण जागा मोकळी ठेवण्यांत आली होती. १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांच्या कारकीर्दींत तट पाडला गेला. मोकळी जागा मात्र सगळीच भरून निघाली नाहीं. आजचें आझाद मैदान, क्रॉस मैदान व ओव्हल हे तिचेच तुकडे होत. तोफांसाठीं राखलेल्या जागेवर रविवारीं मुलांचे क्रिकेटचे डाव एकमेकांत गुंतून चालतात. ओव्हलच्या पूर्वेस हायकोर्ट व विद्यापीठ यांच्या एकोणिसाव्या शतकांतील गॉथिक इमारती आणि पश्चिमेस समुद्र हटवून मिळालेल्या भूमीवर १९३० नंतर उभ्या राहिलेल्या, एका उंचीच्या आर्ट डेको इमारती. २०१८ सालीं युनेस्कोनें या समूहास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. मधलें मैदान नसतें, तर हीं दोन शतकें अशीं समोरासमोर उभीं राहून दिसलींच नसतीं.

परंतु मोकळी जागा ही नुसती शोभेची बाब नव्हे. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला, तेव्हां हें मुंबईस फार कठोरपणें शिकावें लागलें. १८९८ सालीं कायद्यानें इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तींत समुद्रावरील वारा शिरावा, या हेतूनें ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते चाळींच्या गर्दींतून कापून काढले. प्लेग कोंदट हवेनें होतो, ही समजूत चुकीची होती. उंदरांवरील पिसवा तो पसरवितात, हें पॉल-लुई सिमाँ यानें त्याच १८९८ सालीं दाखवून दिलें. निदान चुकलें, तरी उजेड व वारा यांचा उपाय अगदींच वायां गेला नाहीं, कारण क्षयाचे जंतु अंधाऱ्या, कोंडलेल्या खोल्यांतच अधिक काळ टिकतात. दुःखाची गोष्ट एवढीच, कीं ज्यांचीं घरें पाडलीं त्या गरिबांस नव्या रस्त्यांवर जागा परवडली नाहीं. ते शेजारच्या चाळींत जाऊन तेथील गर्दी वाढविते झाले.

पुढें ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं ६३½ अंशांच्या कोनाचा नियम आग्रहानें मांडला. तो शाळेंतील मुलासही कळण्याजोगा आहे. एका घराच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा जमिनीशीं होणारा कोन ६३½ अंशांहून मोठा असूं नये. त्रिकोणमितीच्या कोष्टकांत या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ २ येते. म्हणजे इमारत ४० फूट उंच असेल, तर समोर निदान २० फूट जागा मोकळी हवी. या एका आंकड्यानें तळमजल्यावरील बिऱ्हाडासही आभाळाचा वांटा मिळतो.

शेतें व दलदल यांच्या जागीं ट्रस्टनें आंखलेल्या दादर-माटुंग्यांत या विचाराचीं फळें दिसतात. पारशी कॉलनीसाठीं ट्रस्टमधीलच एक अभियंते मंचेरजी जोशी यांनीं पुढाकार घेतला. तेथें व हिंदु कॉलनींत घरें तीन-चार मजल्यांचीं, दोन घरांत अंतर, रस्त्याच्या दुतर्फा झाडें आणि मध्यें फाइव्ह गार्डन्सच्या बागा. रुळांच्या पलीकडे १९२५ सालीं लोकांस खुलें झालेलें शिवाजी पार्क आहे. त्याच्या भोंवतीं उंच भिंत न घालतां बुटका कट्टा ठेवला, ही गोष्ट लहान दिसते. पण त्यामुळें मैदानाची कडच लोकांची बैठक झाली.

रुंद रस्ता तेवढा चांगला आणि गल्ली तेवढी वाईट, असें मात्र कोणी समजूं नये. १९१९ ते १९२४ या काळांत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडीस सांगत, कीं वैद्य रोग्याची प्रकृति पाहिल्यावांचून शस्त्र चालवीत नाहीं, तसें नगररचनाकारानेंही वस्ती पायीं हिंडून पाहावी. अख्खा मोहल्ला कापण्याऐवजीं एखादें मोडकळीस आलेलें घर काढून तेथें चौक करावा व एक झाड लावावें. गिरगांवच्या वाड्यांतून भर दुपारीं सांवलींत चालणाऱ्यास त्यांचें म्हणणें पटकन पटेल.

१९६४ पासून मुंबईंत चटई क्षेत्राच्या निर्देशांकाची पद्धत सुरू झाली. प्लॉटच्या मानानें किती बांधावें, हें या आंकड्यानें ठरतें. दोन इमारतींमध्यें काय उरावें, हें त्यावरून कळत नाहीं. १९९१ च्या नियमावलीनें जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीस जादा चटई क्षेत्र दिलें. घर गळत असतां कुटुंबास नवें पक्कें घर मिळावें, हें योग्यच आहे. पण शहरांतील प्रकल्पांमुळें विस्थापित झालेल्यांसाठीं मानखुर्द-गोवंडी भागांत उभारलेल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड वगैरे वसाहतींची एक पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. जेथें सूर्यप्रकाश व वारा पोंचत नाहीं अशा खालच्या मजल्यांचा आणि क्षयाचा संबंध तींत दाखविला आहे. सात मजल्यांची इमारत सुमारें ७० फूट उंच धरली, तर ऑर यांच्या नियमानें समोर ३५ फूट हवेत. तेथें इमारतींमधील अंतर १० फुटांच्या आसपास आहे, आणि तळमजल्यावरील खोल्यांत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो.