घरातील रसायने (लेखांक ९) : केसांत अडकलेला डिंक

चिकटवण्याच्या पदार्थांना मराठीत एकच एक नाव नाही, आणि ही भाषेची उणीव नसून तिचा काटेकोरपणा आहे. झाडाच्या खोडातून पाझरणारा व पाण्यात विरघळणारा तो डिंक, पिठापासून शिजवलेली ती खळ, जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढलेला आणि वापरण्यापूर्वी तापवावा लागणारा तो सरस, आणि चीडवृक्षापासून मिळणारी, पाण्याला दाद न देता मद्यार्कात व तेलात विरघळणारी ती राळ. पदार्थ कशातून आला आणि कशाने सुटतो, याची अर्धी माहिती या नावांतच होती. आज दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात या साऱ्यांच्या जागी ‘गम’ हा एकच शब्द चालतो, आणि पांढऱ्या बाटलीतील, पिवळ्या डब्यातील व चिमुकल्या ट्यूबमधील तीन सर्वस्वी भिन्न रसायने एकाच नावाखाली घरात येतात. केसांना चिकटलेला पदार्थ काढताना होणाऱ्या बहुतेक चुका या नामसाधर्म्यातून होतात, कारण एका गमला सोडवणारे पाणी दुसऱ्याला पक्के करते.

प्रथम केस. माणसाचा केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असून त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही सहसा कमीच भरते. त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडे टोकाच्या दिशेला असतात. म्हणूनच केस मुळाकडून टोकाकडे बोटांत धरून ओढला तर गुळगुळीत लागतो आणि उलट ओढला तर किंचित खरबरीत. या खवल्यांवर मेदाम्लाचा एक अतिशय पातळ थर असतो व त्यामुळे निरोगी केस पाण्याला काहीसा दूर ठेवतो. चिकट पदार्थ केसाच्या आत मुरत नाही, तो या खवल्यांना वरून धरतो व शेजारच्या केसांना एकमेकांशी बांधतो. तेव्हा काम केस सोडवण्याचे नसून पदार्थ विरघळवण्याचे असते, आणि ओढाओढ केल्यास पदार्थाआधी खवले निघून येतात.

शाळेच्या प्रकल्पांत आणि दिल्लीतील कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारात सारख्याच मुबलकतेने वापरला जाणारा पांढरा गम हा पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट या बहुवारिकाचा, म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी जुळून झालेल्या पदार्थाचा, पाण्यात तरंगणाऱ्या बारीक विखुरलेल्या कणांचा द्रव होय. हे रसायन १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी प्रथम तयार केले, आणि १९५९ साली मुंबईत फेव्हिकॉल बाजारात आल्यावर भारतीय सुताराच्या शेगडीवरचे सरसाचे भांडे हळूहळू उतरले. ओला असेपर्यंत हा गम साध्या पाण्याने जातो. वाळल्यावर तो विरघळत नाही, पण पाण्याने फुगतो आणि साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडतो. यामुळेच जानेवारीत दिल्लीच्या नळाला येणाऱ्या बर्फगार पाण्याखाली कितीही वेळ डोके धरले तरी तो ढिम्म हलत नाही, आणि अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ती बट दहापंधरा मिनिटे बुडवून ठेवली की रबरी सालीसारखा सुटू लागतो. इतके पुरेसे आहे. या गमसाठी इतर कशाचीही गरज नाही.

दुसरा वर्ग तेलाने सुटणाऱ्यांचा. उंदीर पकडण्यासाठी पदपथावर विकले जाणारे चिकट पुठ्ठे, चपला जोडण्याचा पिवळसर रबरी गम, पॅकिंगच्या पट्ट्यांचा लगदा, जखमेवरच्या चिकटपट्टीचा उरलेला थर हे सारे कमीअधिक प्रमाणात या वर्गात मोडतात. पुठ्ठ्यावरील पदार्थ कधीच वाळत नाही आणि त्याचे हेच वैशिष्ट्य उपयोगी पडते, कारण न वाळलेल्या चिकट पदार्थात तेल सहज शिरते. त्या भागावर खोबरेल तेल भरपूर चोळून अर्धा तास ठेवावे, मग जाड दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करून वर सरकत जावे, पुन्हा तेल लावावे, आणि पदार्थ फणीवर आल्यावर ती प्रत्येक वेळी कागदाला पुसावी, एवढीच कृती. परदेशात याच कामासाठी शेंगदाण्याचे लोणी सुचवले जाते. त्यातही काम करते ते शेंगदाण्याचे तेलच. दिल्लीतील मराठी घरांत येथे एक हंगामी अडचण येते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे डिसेंबरात बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. ती उन्हात किंवा गरम पाण्याच्या पेल्यात उभी करावी, गॅसवर धरू नये. शेजारच्या स्वयंपाकघरातील मोहरीचे तेलही रासायनिकदृष्ट्या तितकेच कामाचे आहे, मात्र ते डोळ्यांना व नाजूक कातडीला झोंबते.

शेवटी तेल धुताना साबणाची वडी वापरू नये, याला कारण पाणी आहे. राजधानी क्षेत्राच्या पुष्कळ भागांत, विशेषतः जेथे बोअरचे पाणी वापरात येते तेथे, पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो आणि गम काढता काढता केसांवर दुसरे एक लुकण बसते. शाम्पूतील प्रक्षालके असा साका करीत नाहीत. रॉकेल, पेट्रोल व रंगाचा थिनर हेही चिकट पदार्थ विरघळवतात, पण त्यांची वाफ फुप्फुसांना घातक असते, ते कातडी भाजल्यासारखी लाल करतात, आणि लहान मुलाने त्यातला घोटभर गिळताना तो श्वासनलिकेत गेल्यास प्राणावर बेतू शकते. घरगुती उपायांच्या यादीतून त्यांचे नाव कायमचे खोडलेले बरे.

राळेचे प्रकरण रंगभूमीचे आहे. शारदीय नवरात्राच्या दिवसांत दिल्लीत रामलीलांची धामधूम असते; लाल किल्ल्यासमोरच्या मैदानांपासून मोहल्ल्याच्या मंडपांपर्यंत शेकडो दाढ्या व मिशा रोज चिकटवल्या जातात, आणि श्रीराम भारतीय कला केंद्राची रामलीला तर १९५७ पासून दरवर्षी उभी राहते. क्रेप केसांची मिशी ज्याने बसते ते स्पिरिट गम म्हणजे मूलतः मद्यार्कात विरघळवलेली राळ. मद्यार्क उडून जातो, राळ मागे उरते. घामाने ती सुटत नाही, हाच तिचा गुण, आणि प्रयोग संपल्यावर खऱ्या कल्ल्यांत किंवा कपाळावरच्या केसांत अडकल्यास पाण्यानेही ती सुटत नाही, हाच तिचा दोष. ज्यातून ती आली त्यातच ती परत जाते : औषधाच्या दुकानातील सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन मिशीच्या कडेवर टेकवावे, पुसू नये, राळ पातळ होऊन कड उचलली गेली की त्या कडेखालून आत सरकावे. मिशी आधी ओढून नंतर स्पिरिट लावण्याची घाईतली पद्धत ओठावरची कातडी सोलून काढते, आणि दहा दिवसांच्या लीलेत तिसऱ्याच दिवशी रावणाला मिशी लावणे अशक्य होते. ओठाची कातडी स्पिरिटने चुरचुरत असेल तर खोबरेलानेही तेच काम होते, फक्त सावकाश. हेअर पॅच बसवणारे वापरतात तो गम राळेचा नसून बहुधा अ‍ॅक्रिलिक जातीचा असतो, तरी तोही स्पिरिटने मऊ पडतो, आणि त्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांना संत्र्याचा वास येतो तो लिंबूवर्गीय सालींतून काढलेल्या लिमोनिन या तेलामुळे.

खरा पेच असतो तो चिमुकल्या ट्यूबमधील झटपट गमचा, ज्याचे रासायनिक नाव सायनोअ‍ॅक्रिलेट. ईस्टमन कोडॅक या अमेरिकी कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या गटाला १९४२ साली बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना ते सापडले आणि हात लावील त्याला चिकटते म्हणून बाजूला टाकले गेले. १९५१ मध्ये प्रयोगशाळेतील एका महागड्या उपकरणाचे लोलक त्याने कायमचे जोडून टाकले तेव्हा त्याचा उपयोग ध्यानी आला, आणि १९५८ मध्ये ते विक्रीस आले. यात उडून जाणारे पाणी किंवा मद्यार्क नसतो. ट्यूबमध्ये सुटे रेणू असतात आणि ओलाव्याचा स्पर्श होताच ते एकमेकांना जोडून साखळ्या करतात. केस कोरडा दिसला तरी त्यात हवेतील ओलावा मुरलेला असतोच, म्हणून तो थेंब पाहता पाहता घट्ट होतो. मे महिन्यातील ‘लू’ या कोरड्या, उष्ण वाऱ्यात काही क्षण अधिक मिळतात, ऑगस्टच्या दमटपणात तेही मिळत नाहीत.

या गमबाबत दोन गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात, कारण त्या अंगवळणी पडलेल्या सवयींच्या विरुद्ध आहेत. ओला थेंब सुती पंचाने किंवा कापसाने टिपू नये : कापसाच्या तंतूंवर ही साखळी इतक्या वेगाने बनते की कातडी भाजेल एवढी उष्णता निर्माण होऊन धूर निघू शकतो. खाण्याचा सोडाही टाकू नये, कारण अल्कलीने ही क्रिया थांबत नसून क्षणात पूर्ण होते. लाकूडकाम करणारे तर खाच बुजवण्यासाठी मुद्दाम हीच युक्ती वापरतात. थेंब पडलाच तर त्याला पूर्ण वाळू द्यावे आणि केसांची ती बट इतर केसांपासून वेगळी धरून ठेवावी.

वाळल्यावर मोहरीएवढा एक कठीण, काचेसारखा मणी तयार होतो व त्यातून आठदहा केस आरपार गेलेले दिसतात. हा मणी ठिसूळ असतो. कोमट पाणी व शाम्पूत अर्धा तास भिजवून, तेल लावून, दोन नखांच्या टोकांत हलकेच दाबला तर पुष्कळदा तडकतो आणि त्याचे तुकडे एकेका केसावरून टोकाकडे सरकवता येतात. न तडकल्यास अ‍ॅसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढण्याच्या द्रवातील मुख्य घटक. बाटलीवर ‘अ‍ॅसिटोनरहित’ असे लिहिले असेल तर त्यात बहुधा एथिल अ‍ॅसिटेट असते आणि या कामात ते फार दुबळे पडते. शेजारच्या केसांना व टाळूला आधी तेलाचा लेप द्यावा, बट स्टीलच्या ताटलीवर पसरावी, अ‍ॅसिटोनने भिजवलेला बोळा फक्त मण्यावर मिनिट-दोन मिनिटे धरावा, मणी जेलीसारखा झाला की लाकडी फणीने ओढून घ्यावा आणि लगेच धुवावे. ताटली स्टीलची व फणी लाकडाची सांगितली आहे ती शोभेसाठी नव्हे. काही प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये स्वतःच चिकट होतात, आणि मॉडअ‍ॅक्रिलिक धाग्याचे गंगावन तर त्यात विरघळूनच जाते. अ‍ॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड असून उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. थंडीत खिडक्या बंद करून, खोलीत हीटर लावून हे काम करणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

टाळूवर पडलेल्या थेंबाला अ‍ॅसिटोन लावू नये. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि काही दिवसांत तो थेंबाला आपोआप सोडून देतो. पापण्यांचे केस चिकटले असतील तर घरगुती उपाय तेथेच संपतात : अ‍ॅसिटोन नाही, कात्री नाही, पापण्या उघडण्याची जबरदस्ती नाही, कोमट पाण्याने धुऊन, ओली स्वच्छ घडी ठेवून नेत्ररुग्णालय गाठावे. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र १९६७ पासून आहे. मुलाने गम किंवा अ‍ॅसिटोन गिळले असल्यास त्याच संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून चोवीस तास दूरध्वनीवर सल्ला देते. गिळलेल्या पदार्थाची ट्यूब किंवा बाटली त्या वेळी हाताशी असावी.

कात्रीचा प्रश्न उरतो तो दोन-तीन प्रयत्नांनंतर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्याच्या खाली पडलेला गम तीन-चार वर्षांपूर्वी उगवलेल्या भागावर असतो आणि टोकाकडचे दोन बोटे केस गेल्याने फार बिघडत नाही. टाळूजवळच्या गाठीवर कात्री चालवली तर मात्र तेवढी जागा वर्षभर खुंटासारखी उभी राहते. अशा वेळी गाठ आडवी न कापता कात्रीचे टोक केसांच्या दिशेने उभे धरून मण्यालाच दोन-तीन चिरा द्याव्यात आणि प्रत्येक चिरेत तेलाचा थेंब सोडावा.

(पुढील लेखांक : होळीचे पक्के रंग)