लॅब्रॅडॉर : ब्रिटिश, अमेरिकन आणि जालन्याचा मे महिना

लॅब्रॅडॉरचे पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर काही शब्द हमखास पडतात : ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘ब्रिटिश लाइन’. पिल्लू जितके गुबगुबीत आणि डोके जितके रुंद, तितका भाव चढा. अंगाने सडपातळ आणि पायाने उंच पिल्लू ‘अमेरिकन’ ठरते. या शब्दांत थोडे तथ्य आहे, पण दुकानदारी जास्त आहे.

जात एकच. तिचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत राबत. जाळ्यातून निसटलेले मासे गार पाण्यातून ओढून आणणे हे त्यांचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते इंग्लंडमध्ये पोहोचले आणि तिथल्या उमरावांनी त्यांना टिपलेले पक्षी उचलून आणायला शिकवले. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०३ मध्ये, तर अमेरिकन क्लबने १९१७ मध्ये या जातीला मान्यता दिली. ब्रिटिश मापदंडात नराची उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, तर अमेरिकन मापदंडात साधारण ५७ ते ६२. पण खरा फरक देशाचा नसून कामाचा आहे. प्रदर्शनासाठी जोपासलेली कुत्री रुंद, बुटकी आणि भरदार होत गेली. शिकारीवर धावणारी हलकी आणि चपळ राहिली. दोन्ही घडणीची कुत्री दोन्ही देशांत आहेत.

बुडाशी जाड, टोकाला निमुळती शेपूट आणि बोटांमधली पडद्यासारखी कातडी दोघांनाही असते. केसांचे थरही दोनच : वर आखूड, राठ, पाणी झटकणारे, आत लोकरीसारखे दाट. रंग काळा, पिवळा आणि चॉकलेटी. एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्ले निघू शकतात. दुधाळ पांढरटपासून तांबूसपर्यंतच्या सगळ्या छटा पिवळ्यातच मोजतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकणारा पोलिसांचा ‘जंजीर’ याच रंगाचा.

रंग निव्वळ शोभेचा म्हणावा, तर तसेही नाही. ब्रिटनमधल्या लॅब्रॅडॉरवरचा २०१८ चा एक अभ्यास सांगतो, की चॉकलेटी कुत्र्यांचे मध्यक आयुष्य १०.७ वर्षे होते, इतरांचे १२.१. त्यांच्यात कानाचे आणि कातडीचे आजारही अधिक आढळले.

पण खरी काळजी वजनाची. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये ‘पीओएमसी’ जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो. मेंदूला ‘पोट भरले’ असा निरोप देणाऱ्या साखळीतले हे जनुक माणसातही आहे. ते बिघडले, की भूक शमत नाही. जेवणाच्या ताटापाशी केविलवाणा चेहरा करून बसलेला लॅब दर वेळी उपाशीच असतो, असे नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरना जन्मभर तपासले गेले. त्यांतल्या निम्म्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे मिळाले. ते मध्यकाने १३ वर्षे जगले, जोडीदार ११.२. ‘हेवी बोन’ म्हणून कौतुक होते, ती बरेचदा चरबी असते. बरगड्या बोटांना सहज लागाव्यात आणि वरून पाहिले तर कंबर दिसावी, ही घरच्या घरी करायची तपासणी. पिल्लू घेताना आई पाहावी. आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे काढले आहेत का, हे विचारावे. या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष वंशाने येतो.

जालन्यात पारा ४२ अंशांवर गेला, की गार पाण्यासाठी घडलेले हे शरीर अडचणीत येते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो उष्णता बाहेर काढतो, आणि चरबी त्याला आडवी येते. केस भादरू नयेत, रोज विंचरून आतली गळती लोकर काढावी. फिरवणे पहाटे किंवा अंधार पडल्यावर. धाप घरघरू लागली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. गच्चीवरच्या टाकीचे तापलेले पाणी नको. हौदातले किंवा माठातले चालेल. टँकरच्या दिवसांतही एवढी एक बादली बाजूला असावी. आधी अंग गार करायचे, मग पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा.