गाळलेल्या जागा भरा

संगणकाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या करमणुकीचं कौतुक करताना आपण आकडे सांगतो. इतके जीबी, इतके पिक्सेल, इतक्या हजार राक्षसांची फौज. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाचं कौतुक मात्र भलत्याच जागी अडकतं. गेम असो, गाणं असो की अद्भुतपट, करणाऱ्यांनी नेमकं काय करायचं टाळलं हे मला आधी बघायचं असतं. तिन्हीकडचं सगळ्यात देखणं तंत्रज्ञान हे न केलेल्या कामाचं तंत्रज्ञान आहे, असं माझं मत. ऑफिसात ते मांडलं की लोक त्याला आळशीपणाचं समर्थन म्हणतात. म्हणोत बापडे.

'एलिट' घ्या. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांचा अंतराळातल्या व्यापाराचा हा गेम १९८४ साली बीबीसी मायक्रोवर आला. त्या संगणकाची मेमरी ३२ केबी. सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं चित्रही त्याहून जड असतं. एवढ्याशा जागेत या दोघांनी आठ आकाशगंगा बसवल्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह.

बसवल्या म्हणजे, खरं तर बसवल्याच नाहीत. साठवले फक्त तीन आकडे, सगळे मिळून सहा बाइट. तिघांची बेरीज करायची, पहिला आकडा टाकून द्यायचा, बेरीज शेवटी जोडायची, की पुढचे तीन आकडे तयार. त्यांच्या एकेका बिटावरून ग्रहाचं नाव ठरायचं, तिथलं सरकार ठरायचं, तिथे शेती चालते की कारखाने हेही ठरायचं. सुरुवातीचे आकडे तेच असले की हिशेब दर वेळी तोच येतो. मग ग्रह साठवून ठेवायची गरजच काय? तुम्ही गेलात की तो उभा राहतो, निघालात की पुसला जातो.

याच युक्तीने तब्बल २८१ लाख कोटी आकाशगंगा काढता येत होत्या आणि पोरांना त्या द्यायच्याही होत्या. प्रकाशक ॲकॉर्नसॉफ्टने नको म्हटलं. एवढा पसारा दिसला तर खेळणाऱ्याला त्यामागचं यंत्र दिसेल, ग्रहांतला तोचतोचपणा दिसेल, म्हणून आठांवर थांबा. त्या आठांची निवडही पारखून झाली. एका आकाशगंगेत ग्रहाचं नाव इंग्रजीतला अर्वाच्य शब्द निघालं, तर ती आख्खी आकाशगंगाच रद्द. मला या सगळ्या प्रकरणात प्रकाशकाचा नकार फार मोलाचा वाटतो. २०१६ साली 'नो मॅन्स स्काय' हा गेम १८ वर १८ शून्यं इतके ग्रह घेऊन आला तेव्हा हा नकार देणारं कुणी नव्हतं. दहा-वीस ग्रह फिरून झाल्यावर पुढचा ग्रह म्हणजे मागच्याचाच रंग बदललेला भाऊ, अशी तक्रार लगेच सुरू झाली. पुढे त्यांनी गेम पुष्कळ सुधारला, पण तो आणखी ग्रह घालून नव्हे.

'डूम' या गेममधली टाळाटाळ वेगळ्या जातीची आहे. १९९३च्या डिसेंबरात टेक्ससमधल्या आयडी सॉफ्टवेअरने तो आणला. तेव्हाच्या ३८६-४८६ संगणकांवर त्रिमिती दुनिया पळवायची, तर समोरची कुठली भिंत दिसते आणि कुठली झाकली जाते हे सेकंदाला पस्तीस वेळा ठरवायला हवं. आयडीचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक याने ही उठाठेव खेळणाऱ्याच्या संगणकावर टाकलीच नाही. नकाशा तयार होतानाच एका रेषेने त्याचे दोन तुकडे करायचे, त्या तुकड्यांचे पुन्हा दोन, आणि ही सगळी वंशावळ आधीच डिस्कवर लिहून ठेवायची. खेळताना संगणकाने फक्त त्या फांद्यांवरून चालायचं. जवळची भिंत आधी, लांबची नंतर, आणि पडद्याचा जो उभा पट्टा एकदा भरला तिकडे पुन्हा ढुंकूनही बघायचं नाही. कल्पना कार्मॅकची नव्हती, संशोधन निबंधांत ती १९८० सालीच छापून आलेली होती. पण जुना निबंध शोधून तो नेमक्या वेळी कामाला लावणं हीही कारागिरीच. याची किंमत म्हणून डूममध्ये खोलीवर खोली बांधता येत नाही. राक्षस तर निव्वळ सपाट चित्रं. त्यातल्या काहींच्या आधी मूर्ती घडवल्या, त्या फिरवून फिरवून चारी बाजूंनी टिपल्या, आणि तुम्ही जिथून बघाल तिथलं जुळणारं चित्र तुमच्याकडे तोंड करून उभं केलं. रात्री दिवे मालवून खेळणाऱ्याला घाम फुटायचा तो फुटायचाच.

आवाजातही हीच काटकसर. निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रात आवाजाला पाचच वाटा होत्या. कोजी कोंडो यांनी १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत त्यात बसवलं. मारिओने उडी मारली की उडीचा आवाज धुनेचीच एक वाट क्षणभर बळकावतो, धून तेवढ्यापुरती लंगडी होते, आणि कुणाच्या कानाला ते जाणवतही नाही. याच गेममधले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं आणि एकदा हिरवं.

कानाला फसवण्याचं शास्त्र मात्र रचलं जर्मनांनी. सीडीवरचं गाणं सेकंदाला साधारण १४ लाख बिट खातं. एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून जे एमपी३ आलं, त्याने ते सव्वा लाखाच्या आसपास आणून ठेवलं. तत्त्व सोपं आहे. जोरदार सुराच्या शेजारी दुसरा मंद सूर असला तर कान त्याची दखल घेत नाही, मग तो साठवायचा कशाला? पण हे नीट जमलंय की नाही ते तपासायला ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा हिचं 'टॉम्स डायनर' वापरलं. गाण्यात साथच नाही, नुसता गळा. सुरुवातीला ते भयंकर ऐकू यायचं म्हणे. ड्रम आणि गिटारच्या गदारोळात कितीही काटछाट खपते, एकट्या गळ्याला लपायला जागा नसते. तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी गणित दुरुस्त केलं.

आपल्याकडे स्टेशनाबाहेरच्या टेबलांवर दीडशे गाण्यांची एक सीडी मिळायची, ती या गणिताच्या कृपेने. सिनेमातली गाणी त्यात छान निभावून जायची. ख्यालाची मैफल लावली की तानपुरा घोटाळा करायचा. जवारीतून निघणारे बारीक स्वर सतत एकमेकांत सरकत असतात. बिट कमी पडले की त्यांची रया जाते आणि मागे नुसती गरगर उरते. काय गाळलं तर चालेल हे ठरवणारे शेवटी कुणाचे तरी कान असतात, आणि तानपुऱ्याच्या श्रोत्याला नुसती पार्श्वभूमी म्हणून तानपुरा नको असतो.

अद्भुतपटांचं मूळ तर हातचलाखीतच आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोग करत. १९१७च्या त्यांच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंके, एकाच पडद्यावर. पीटर जॅक्सनचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मला याच घराण्यातला वाटतो. बुटका फ्रोडो आणि उंच गँडाल्फ एका टेबलाशी बसलेले दिसतात, तिथे फ्रोडो प्रत्यक्षात कॅमेऱ्यापासून बराच लांब बसलेला आहे. कॅमेरा सरकला की भांडं फुटणार, म्हणून कॅमेऱ्याबरोबर नटाची बैठकही मोजून-मापून सरकवली आहे. यात एकही पिक्सेल खर्च झालेला नाही.

लढायांसाठी मात्र वेलिंग्टनच्या वेटा डिजिटलमध्ये स्टीफन रेगेलस यांनी 'मॅसिव्ह' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. हजारो सैनिकांची हालचाल कुणी हाताने आखली नाही. प्रत्येकाला थोडी नजर, थोडे कान आणि जरा अक्कल दिली, मग मैदानात सोडून दिलं. सुरुवातीच्या एका चाचणीत मागचे काही शिपाई रण सोडून पळत सुटले. ते घाबरले, अशी कथा जगभर पसरली. रेगेलस यांचा खुलासा जास्त गमतीचा आहे. त्यांना भीती शिकवलेलीच नव्हती. तोंड उलट्या दिशेला, समोर शत्रू दिसेना, म्हणून बिचारे शत्रू शोधत धावत राहिले. रात्री दोन वाजता सर्व्हरचे लॉग वाचलेल्या कुणालाही हे वागणं ओळखीचं वाटेल.

त्याच जॅक्सनने २०१२ साली 'द हॉबिट' सेकंदाला २४ऐवजी ४८ चौकटींनी दाखवला. हालचाल स्वच्छ झाली, आणि त्याबरोबर दाढ्या चिकटवलेल्या दिसू लागल्या, दगडाच्या भिंती रंगवलेल्या वाटू लागल्या. दोन चौकटींमधली जी धूसर जागा प्रेक्षक स्वतः भरत होता, ती निर्मात्यांनी भरून टाकली. बऱ्याच जणांना ते टीव्ही मालिकेसारखं वाटलं, मलाही.

आता मेमरी स्वस्त आहे, तेव्हा या जुन्या काटकसरीचं काय, असं नव्या पोरांना वाटतं. त्यांच्याच संगणकातलं एनव्हिडियाचं कार्ड बघा. २०१८पासूनच्या डीएलएसएस तंत्रात, ठरावीक सेटिंगवर, पडद्यावरच्या पिक्सेलपैकी चौथा हिस्साच कार्ड प्रत्यक्ष काढतं, बाकीचा अंदाजाने भरतं. २०२२पासून तर अख्ख्या चौकटीच मधे घुसवल्या जातात. खेळणारी मंडळी त्यांना खोट्या चौकटी म्हणून नाकं मुरडतात. खोटेपणाबद्दल माझं काही म्हणणं नाही, डूम तरी कुठे खरा होता? माझी तक्रार वेगळी आहे. मधली चौकट रचायला पुढची खरी चौकट हाताशी असावी लागते, म्हणून ती खरी चौकट थोडी थांबवून ठेवतात. पडद्यावर चौकटींचा आकडा दुप्पट होतो, आणि बटण दाबल्यावर गोळी सुटलेली दिसायला मात्र पूर्वीपेक्षा थोडा जास्तच वेळ लागतो.