कणसातल्या रिकाम्या जागा

भाजलेले मक्याचे कणीस खाताना कधी कधी मध्येच दाणे नसलेल्या जागा दिसतात. कीड लागली असेल असे म्हणून आपण पुढे खात राहतो. परंतु पुष्कळदा कारण वेगळेच असते. त्या जागी परागण झालेले नसते, किंवा परागण होऊनही फलन झालेले नसते. या दोन शब्दांची गल्लत विद्यार्थ्यांच्या उत्तरांत नेहमी आढळते. ती दूर करायला हे कणीस फार उपयोगी पडते.

मक्याच्या शेंड्यावरचा तुरा म्हणजे नरफुलांचा समूह, तर कणीस म्हणजे मादीफुलांचा. कणसाच्या टोकाशी लोंबणारा प्रत्येक केस आत एकेका बीजांडाशी जोडलेला असतो. तुऱ्यातील परागकण वाऱ्याबरोबर येऊन केसाला चिकटला, की परागण झाले. फलन मात्र अजून दूर असते. परागकण तेथे रुजतो. त्यातून निघालेली परागनलिका केसाच्या आतून खाली वाढत जाते. परागकण मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा आणि केस वीतभर लांब! हा प्रवास पुरा व्हायला साधारण एक दिवस लागतो. शेवटी नलिकेतून दोन पुंयुग्मके बीजांडात उतरतात.

दोन कशासाठी? एक पुंयुग्मक अंडपेशीशी एकरूप होते व युग्मनज तयार होतो. त्यापासून पुढे भ्रूण, म्हणजे भावी रोप, घडते. दुसरे पुंयुग्मक शेजारच्या मोठ्या मध्यपेशीतील दोन केंद्रकांशी एकरूप होते. त्यातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचे अन्न, तयार होते. मक्याच्या भ्रूणातील पेशीत १० आणि १० मिळून २० गुणसूत्रे असतात. भ्रूणपोषाच्या पेशीत १०, १० आणि १० मिळून ३० असतात. सपुष्प वनस्पतींतील हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन या शास्त्रज्ञांनी १८९८ साली लिलीच्या कुळातील वनस्पतींत प्रथम दाखवून दिले.

याचा पुरावा सूक्ष्मदर्शकाशिवायही पाहता येतो. पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा मका लावला, तर पांढऱ्याच्या कणसात मधूनमधून पिवळे दाणे दिसतात. झाड पांढऱ्या जातीचे, मग पिवळा रंग आला कोठून? तो भ्रूणपोषाचा रंग आहे. पिवळ्या झाडाच्या परागकणातील दुसऱ्या पुंयुग्मकाने तो आणला. नुसत्या मातेकडून हे अन्न आले असते, तर सगळे दाणे पांढरेच राहिले असते.

आता कोंबडीचे अंडे पाहू. कोंबडीची अंडपेशी अंडाशयातून सुटते तेव्हाच तिच्यात पिवळ्या बलकाचा भरपूर साठा असतो. शुक्रपेशींशी तिची गाठ अंडवाहिनीच्या सुरुवातीलाच पडते. पांढरा बलक व कवच त्यानंतर चढते. कवच चढल्यावर शुक्रपेशीला आत शिरणे शक्यच नसते. कोंबड्याचा संबंध आला नाही, तरी कोंबडी अंडे घालतेच. बाजारातील बहुतेक अंडी अशी फलन न झालेली असतात, आणि तरीही त्यांत बलक पुरेपूर असतो.

प्राणी असो वा वनस्पती, एका नरपेशीचे केंद्रक मादीच्या पेशीतील केंद्रकाशी एकरूप होणे हे फलनाचे मर्म सारखेच आहे. ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ साली समुद्रातील सी अर्चिन या प्राण्याच्या अंड्यात ते पाहिले. फरक आहे तो शिदोरीचा. कोंबडी ती आधीच बांधून ठेवते. मका मात्र पाहुणा आल्याची खात्री पटल्यावरच चूल पेटवतो! म्हणून फलन चुकले, तर कोंबडीचे अंडे भरलेले राहते आणि कणसातील जागा रिकामी राहते.

ही गोष्ट आपल्या ताटापर्यंत पोहोचते. ज्वारी, तांदूळ, गहू यांच्या दाण्याचा मोठा भाग भ्रूणपोषच असतो. नारळाचे पाणी व खोबरे हेही भ्रूणपोषच. हरभऱ्यात मात्र वाढता भ्रूण तो संपवतो आणि अन्न आपल्या दलांत साठवतो. केस बाहेर पडण्याच्या सुमारास मक्याला पाण्याचा ताण पडला, तर केस उशिरा निघतात आणि तोवर तुऱ्यातील पराग झडून गेलेले असतात. कडक उन्हात परागकण लवकर मरतात. अशा वेळी पीक पुरुषभर उंच दिसले, तरी कणसे अर्धी रिकामी निघतात. त्या थोड्या दिवसांत एखादे पाणी मिळणे किती मोलाचे असते, हे यावरून कळेल.

वर्गात दोन गोष्टी जरूर कराव्यात. कोवळ्या कणसाची पाने अलगद सोलून एकेक केस कोठे जोडलेला आहे, ते मुलांना शोधू द्यावे. दुसरे म्हणजे, तेरड्याचे किंवा सदाफुलीचे ताजे परागकण काचपट्टीवर साखरेच्या सुमारे १० टक्के द्रावणाच्या थेंबात टाकावेत. पंधरा ते तीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास परागनलिका फुटलेल्या दिसतात. ज्याने ती नलिका एकदा पाहिली, तो परागण आणि फलन यांत पुन्हा गल्लत करणार नाही.