क्षिप्रेकाठी, मुरमावरून

उज्जैनच्या उत्तरेला भैरवगढ आहे. तिथल्या छिप्यांची छापील कापडं मागे पडली की क्षिप्रेच्या काठाने शेताशेतांतून तांबूस-पिवळ्या वाटा फुटतात. त्यांवर मोटार क्वचित दिसते. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा उभा असतो आणि मधून नदीचं पात्र डोकावतं. अशा वाटेवर सायकल घातली की चाकाखाली बारीक कुरकुर सुरू होते. तो चाकाखाली दबणारा लाव्हा असतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला.

सह्याद्रीचे कडे ज्या दगडाचे, त्याच दगडावर माळव्याचं पठार उभं आहे. दख्खनच्या ज्वालामुखीचे थर इथपर्यंत पसरले आणि मग ऊनपावसाने ते कुजवायला घेतले. विहीर खणणाऱ्याला हा सगळा इतिहास पाठ असतो: वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली पाषाण. मुरूम म्हणजे अर्धा कुजलेला बेसाल्ट. त्यातल्या लोहाला गंज चढतो, म्हणून तो तांबूस. त्याचे खडे कोनदार असतात, एकमेकांत अडकून बसतात, आणि सोबतची थोडी माती त्यांना सांधून धरते. पाणी मात्र त्यातून निचरून जातं. सायकलला हवा तसा रस्ता निसर्गाने जवळजवळ तयारच करून ठेवलाय.

काळ्या मातीची गोष्ट अगदी उलटी. पाणी प्यायलं की तिच्यातली चिकणमाती फुगते आणि उन्हात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी भरते की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून इथली पांदीची वाट ओळखायची ती रंगावरून. तांबूस दिसली तर चला. काळी असेल तर नोव्हेंबरपर्यंत वाट बघा.

चढ तर जवळपास नाहीच. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, उज्जैन ४९०च्या आसपास, आणि दोघांमधलं अंतर ५५ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला जेमतेम एक मीटर उतार. पण हा उतार ज्या दिशेला आहे, तिचं मला दरवेळी नवल वाटतं. क्षिप्रा इंदूरच्या आग्नेयेला उगम पावते. तिथून दक्षिणेला थोडंच गेलं की पठार संपतं आणि खाली नर्मदेचं खोरं लागतं. तरीही क्षिप्रा नर्मदेकडे पाठ फिरवून उत्तरेला निघते आणि सुमारे १९५ किलोमीटर वाहून चंबळेला मिळते. पुढे यमुना, मग गंगा, मग बंगालचा उपसागर. पठाराच्या काठावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब, त्यातला एक अरबी समुद्राकडे जातो आणि दुसरा सुंदरबनाकडे. २०१४ साली माणसाने ही वाटणी थोडी बदलली. नर्मदेचं पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडलं. उन्हाळ्यात उज्जैनच्या घाटाला लागणाऱ्या पाण्यात आता दोन्ही खोरी मिसळलेली असू शकतात.

या वाटा मोकळ्या का राहिल्या? गावागावाला डांबरी सडक पोहोचली, तशी मोटारी आणि मोटारसायकली तिकडे वळल्या. मागे उरली ती बैलगाडीची, गुराख्याची, नदीवर जाणाऱ्या बायामाणसांची जुनी वाट. ती मोकळी आहे म्हणूनच सुखाचीही आहे, आणि यामागे सुंदर भौतिकशास्त्र आहे. कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा उठतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. त्यांवरून जाताना दात वाजतात. २००७ साली काही भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूने भरलेल्या गोल फिरत्या मार्गावर एक चाक ठेवून या लाटा प्रयोगशाळेत उठवून दाखवल्या. एका ठरावीक वेगाच्या खाली लाटा उठतच नाहीत. तो वेग ओलांडला की चाक बारीकशा उंचवट्यावर उसळतं, पुढे आपटून खळगा करतं, आणि मागून येणारं प्रत्येक चाक तो खळगा वाढवत नेतं. चाकाऐवजी साधी पट्टी ओढली तरी लाटा येतात. म्हणजे दोष टायरचा नाही, घाईचा आहे. बैलगाडी आणि पायी माणूस त्या वेगाच्या आत राहतात, म्हणून त्यांची वाट सपाट राहते.

सायकल निवडतानाही हेच ध्यानात ठेवायचं. बारीक, कडक फुगवलेलं टायर प्रत्येक खड्यावर सायकलीसकट माणसाला वर उचलतं आणि पायांनी लावलेला जोर अंग हादरवण्यात वाया जातो. चाळीस मिलीमीटरच्या आसपास रुंदीचं, थोडी कमी हवा असलेलं टायर तोच खडा पोटात घेतं. बाभळीच्या काट्यांसाठी मात्र पंक्चरचं सामान हवंच.

या खोऱ्यातली सगळ्यात मोठी संथ वाहतूक तिकडच्या पंचांगातल्या वैशाखात, म्हणजे आपल्या चैत्र वद्यात असते. आपल्या वारीसारखीच, पण भर उन्हात. पंचक्रोशी यात्रेत हजारो माणसं उज्जैनभोवती ११८ किलोमीटरची प्रदक्षिणा पायी घालतात, वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत. पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला कायावरोहणेश्वर, पश्चिमेला बिल्वकेश्वर, उत्तरेला दर्दुरेश्वर: महाकालाच्या नगरीचे हे चार द्वारपाल. वाटेत उंडासा तलाव, गंभीर नदीकाठचं अंबोदिया. निघताना पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून ‘बळ’ मागून घ्यायचं आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते परत करायचं, अशी रीत आहे. ११८ किलोमीटर चालायला लागणारी ताकद ही उसनी आणलेली असते आणि ती फेडावी लागते, ही कल्पना कोणाही सायकलस्वाराला लगेच पटेल. या मार्गाचे बरेच टप्पे आता पक्के झाले आहेत. तरी दोन गावांमधल्या आडवाटांनी हे वर्तुळ सायकलवर निवांत जोडता येतं.

२०२८च्या सिंहस्थासाठी नदीकाठी घाटांची आणि रस्त्यांची मोठी कामं चालू आहेत. लाखो भाविकांसाठी ती लागतीलच. पण काठावरची थोडी तरी वाट मुरमाची राहावी असं मला मनापासून वाटतं. इटलीतल्या तोस्काना प्रांतात पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा १९९७ साली काही सायकलप्रेमींनी ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. आज त्या रस्त्यांवरून फिरण्यासाठी जगभरातून लोक तिथे जातात.

भैरवगढहून उत्तरेला आधी कालियादेह महाल लागतो. मांडूच्या नासिरुद्दीन खिलजीने नदीतल्या बेटावर तो बांधला आणि क्षिप्रेचं पाणी कुंडांतून, वळणावळणाच्या दगडी पन्हाळींतून खेळवलं. आणखी पुढे, नदीच्याच काठी, महिदपूर आहे. २१ डिसेंबर १८१७ला होळकरांची फौज तिथे इंग्रजांशी लढली आणि हरली.

महिदपूर तालुक्यातच डोंगला गाव येतं. भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे उज्जैनचे हरिभाऊ वाकणकर यांनी हे ठिकाण हेरलं. इथून कर्कवृत्त जातं. २१ जूनला माध्यान्ही इथे उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. उज्जैन या रेषेच्या दक्षिणेला असल्याने तिथे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, दोन्ही वेळा जूनमध्येच. पृथ्वीचा आस किंचित सरळ होत चालला आहे, त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी सुमारे चौदा-पंधरा मीटर दक्षिणेला सरकतं. डोंगल्याहून उज्जैन सरळ रेषेत अठ्ठावीसेक किलोमीटर. सायकलला हे अंतर दोन तासांचं; कर्कवृत्त याच चालीने निघालं तर महाकालाच्या दारी सुमारे १,९०० वर्षांनी पोहोचेल.