हापूस आणि माशी

हापूसचं श्रेय कातळाला द्या, खाऱ्या वाऱ्याला द्या. थोडं माशीलाही द्यावं लागेल. हो, तीच, जेवताना आपण हाकलतो ती. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्या येतात, पण परागीभवनाचा मोठा भार उचलतात त्या माश्या: घरमाशी, निळी चकचकीत माशी, फुलासमोर अधांतरी तरंगणारी फूलमाशी.

हे काम किती बिकट आहे ते मोहोराचा एक तुरा भिंगाखाली धरला की कळतं. शेकडो, कधी हजारो फुलं, एकेक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं. त्यातली कितीतरी नुसती नर. त्यांना फळ धरणारच नाही. उरलेल्या द्विलिंगी फुलांत पुंकेसर दिसायला पाच, पण परागाचा बहुधा एकच. एवढ्या पसाऱ्यातून तुऱ्यामागे एखाददुसरा आंबा टिकला तरी बागायतदार खूश!

आणि या खेळात पंच कोण? हवा. मोहोर कडक थंडीत वाढला तर नर फुलांचं प्रमाण वाढतं. गारठ्यात पराग नीट रुजत नाही, माश्याही सुस्तावतात. कोकणाला हवी असते ती माफक, सलग थंडी, आणि नेमकी तीच आता बेभरवशाची झाली आहे. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की ओल राहते आणि झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. कणी, म्हणजे नुकतंच धरलेलं इवलं फळ, आल्यावर पुन्हा थंडी पडली की त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो आणि आधीची कणी गळते.

मला मात्र खरं चक्रावून टाकतं ते वेगळंच. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग बळावतात, फवारण्या वाढतात, आणि तुडतुड्यावरच्या औषधाने माशीही मरते. म्हणजे बिघडलेल्या हवेचा फटका माशीला पुष्कळदा फवारणी पंपातूनच बसतो. बागायतदाराला दोष देणं सोपं आहे. पण हंगामाच्या भरवशावर कर्ज काढलेलं असतं, नेपाळहून आलेल्या राखणदारांचा पगार थकवता येत नाही, आणि मोहोर काळा पडला तर पुढची संधी थेट वर्षाने.

तरी माशी वाचावी म्हणून ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक टाळायचा सल्ला दिला जातो. तैवानचे आंबेवाले आणखी पुढे गेले: मोहोराच्या दिवसांत ते बागेत सडकी मासळी ठेवतात, निळ्या माशीने यावं म्हणून. कोकणात मासळीला तोटा नाही. वास सोसायची तयारी तेवढी हवी.