वीज गेल्यानंतरचे दहा सेकंद

12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळी दहाची वेळ. कळवा-पडघा दरम्यानच्या 400 केव्ही वाहिन्यांच्या बिघाडापासून सुरुवात झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा बराचसा भाग एकाच वेळी अंधारात गेला. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या, करोनाचे रुग्ण सांभाळणारी रुग्णालयं जनरेटरवर आली. बाहेरची ग्रिड कोसळली तरी मुंबईने बेटासारखं वेगळं होऊन चालू राहावं, अशी आयलँडिंगची सोय ऐंशीच्या दशकापासून होती. त्या दिवशी तीही टिकली नाही.

उर्वरित महाराष्ट्राला अंधाराची सवय होती. 2005 नंतरची काही वर्षं भारनियमनाचं वेळापत्रक पाहूनच पिठाची गिरणी आणि दवाखाना चालायचा. त्याच काळात, 2006 मध्ये, पुण्याने एक वेगळी वाट काढली. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च मोठ्या ग्राहकांकडून अल्प आकाराने वसूल करायचा, अशी ती योजना होती. किर्लोस्कर आणि कमिन्सची इंजिनं जिथे घडतात त्या शहरात हे घडलं. स्टँडबाय यंत्रणा नीट आखली तर ती संपूर्ण शहराच्या कामी येते, हे तेव्हा दिसलं.

आज भारनियमन ओसरलं आहे, पण विजेवरचं अवलंबित्व कित्येक पटींनी वाढलं आहे. तरीही इमारतीच्या आराखड्यात डिझेल जनरेटरचा, म्हणजे डीजी सेटचा, विचार सर्वांत शेवटी होतो: उरलेल्या जागेत, उरलेल्या पैशात.

आधी लोडची यादी

आखणीची सुरुवात कॅटलॉगपासून करू नये. इमारतीतला एकेक लोड कागदावर मांडावा आणि प्रत्येकासमोर दोन उत्तरं लिहावीत: किती सेकंद बंद राहिला तर चालेल, आणि किती तास चालवावा लागेल. या यादीतून तीन गट आपोआप पडतात. पहिला गट माणसांच्या जिवाचा. त्यात फायर पंप, फायर लिफ्ट, जिन्यातले दिवे, धूर बाहेर काढणारे पंखे, अतिदक्षता विभाग आणि ऑपरेशन थिएटर येतं. दुसरा गट कामकाजाचा: सर्व्हर, शीतगृह, बिलिंग, पाण्याचे पंप. तिसरा सोयीचा: लॉबीतला एसी, जाहिरातीचे फलक. तिन्ही गटांच्या वायरी पहिल्या दिवसापासून वेगळ्या पॅनलवर असाव्यात. एकदा सगळं एकाच बसबारवर गेलं की पुढे फलकाचे दिवे आणि व्हेंटिलेटर एकाच जनरेटरवर हक्क सांगतात.

दुसऱ्या सबस्टेशनवरून आलेला एक्सप्रेस फीडर हा बॅकअपचा पहिला टप्पा. रोजच्या बहुतेक बिघाडांत तो कामी येतो. मात्र दोन्ही फीडर शेवटी एकाच ग्रिडवर लटकलेले असतात, हे 2020 च्या त्या सोमवारी दिसून आलं.

एक हिशोब

तालुक्याच्या गावातलं एक पन्नास खाटांचं रुग्णालय घेऊ. गरजेचा लोड 60 किलोवॅट, त्यात ऑक्सिजन प्लांटच्या कॉम्प्रेसरची 15 किलोवॅटची मोटर. पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर 75 केव्हीए होतात, आणि बरेचजण इथेच थांबून 75 चा सेट मागवतात. पण थेट स्टार्टरवर ही मोटर सुरू होताना पूर्ण लोडच्या सहापट करंट ओढते, म्हणजे क्षणभर साधारण 120 केव्हीए. बाकीचा लोड मिळवला की आकडा 170 च्या पुढे जातो. व्होल्टेज खचतं, कॉन्टॅक्टर सुटतात आणि सेट बंद पडतो. सॉफ्ट स्टार्टर बसवला तर तोच झटका निम्म्यावर येतो आणि 125 केव्हीएत काम भागतं.

तरीही एक अडचण उरते. रात्री लोड 20 किलोवॅटवर येतो. 125 केव्हीएच्या, म्हणजे 100 किलोवॅटच्या, सेटसाठी तो फक्त वीस टक्के. डिझेल इंजिन तीस टक्क्यांखाली तासन्‌तास चाललं की इंधन पूर्ण जळत नाही, धुराच्या नळीत काजळी आणि तेलकट राळ साचते, इंजिनाचं आयुष्य घटतं. 1 जुलै 2023 पासून 800 किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी फोर प्लस निकष लागू झाले. त्यांच्यासाठी धूर शुद्ध करणारी जी यंत्रणा लागते तिला पुरेशी उष्णता हवी असते, त्यामुळे कमी लोड आता आणखी महागात पडतो.

या रुग्णालयाला 62.5 केव्हीएचे दोन सेट, सिंक्रोनाइझिंग पॅनलसह, हे उत्तर जास्त शहाणपणाचं आहे. दिवसा दोन्ही चालतील, रात्री एकच, तोही चाळीस टक्के लोडवर. एक बिघडला तर एसी बंद करून उरलेल्यावर अतिदक्षता विभाग सांभाळता येईल. फक्त दोन्ही सेटचा प्रवाह शेवटी एकाच चेंजओव्हरमधून आणि एकाच केबलने जात नाही ना, हे पाहावं. नाहीतर दोन सेट घेऊनही भरवसा एका स्विचवर येतो.

ते दहा सेकंद

वीज गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणारं एएमएफ पॅनल लगेच इंजिन चालू करत नाही. क्षणिक झटक्याला इंजिन चालू होऊ नये म्हणून दोन-तीन सेकंद वाट पाहतं. मग स्टार्टर क्रँक करतो, इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्यांवर येतं, 50 हर्ट्झ स्थिर होतात. मेनचा ब्रेकर उघडला आहे याची इंटरलॉकने खात्री झाल्यावरच डीजीचा ब्रेकर लागतो. सगळ्याला दहा-पंधरा सेकंद लागतात. या इंटरलॉकशी तडजोड करू नये. तो फसला तर आपल्या जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाते आणि बाहेर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेते.

हे दहा-पंधरा सेकंद यूपीएसने भरून काढायचे असतात. त्याच्या बॅटऱ्या 25 अंश तापमान गृहीत धरून बनवलेल्या असतात. लेड-ॲसिड बॅटरी त्याहून दहा अंश जास्त गरम खोलीत ठेवली की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. विदर्भ-मराठवाड्यात जिन्याखालच्या बंद कोनाड्यात कोंबलेल्या बॅटऱ्या दोन उन्हाळ्यांत का दगावतात, त्याचं कारण हेच.

जागा आणि डिझेल

11 मार्च 2011 ला फुकुशिमात भूकंपानंतर जनरेटर व्यवस्थित सुरू झाले होते. त्सुनामीचं पाणी तळघरांत शिरलं आणि बहुतेक बंद पडले. सहाव्या अणुभट्टीचा, उंचावर ठेवलेला, हवेने थंड होणारा एक सेट वाचला आणि त्याच्यावर पाचवी व सहावी अणुभट्टी सावरली. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. कर्मचाऱ्यांनी जिन्यावर साखळी करून इंधन हातांनी वर पोचवलं.

आपल्याकडे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तरी आजही पार्किंग वाचवायला डीजी तळघरात ढकलला जातो. सेट, पॅनल, डिझेल टाकी आणि पंप ही चारही ठिकाणं पूररेषेच्या वर हवीत. एक जरी खाली राहिलं तरी बाकी तीन निरुपयोगी ठरतात.

डिझेलचा हिशोबही कागदावर हवा. वरच्या रुग्णालयाला पूर्ण लोडवर ताशी साधारण 16 लिटर लागेल. सर्रास वापरली जाणारी 990 लिटरची टाकी भरलेली असली तर दोन-अडीच दिवस निघतील. पुरात टँकर यायला त्याहून जास्त वेळ लागेल का, हे ठरवूनच टाकी निवडावी. साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं, गाळ होतो, फिल्टर तुंबतात. म्हणून जुनं वापरून नवं भरत राहावं.

छतावरचं ऊन

छतावर सौर पॅनल आहेत म्हणजे वीज गेली तरी चिंता नाही, हा समज फार पसरला आहे. साधा ग्रिडला जोडलेला इनव्हर्टर ग्रिड गेली की भर दुपारीही स्वतःला बंद करतो, आणि लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ते आवश्यकच आहे. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इनव्हर्टर आणि बॅटरी लागते, किंवा डीजीशी सौर वीज जुळवणारा कंट्रोलर. लिथियम बॅटऱ्या आवाक्यात येत आहेत. एका लिटर डिझेलमधून साडेतीन-चार युनिट निघतात, म्हणजे नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे वीस-पंचवीस रुपये. तासाभराचे खंड बॅटरीवर आणि लांबचा अंधार डिझेलवर, ही विभागणी येत्या काळात बहुतेक इमारतींना परवडेल.

चाचणी

एवढं करूनही यंत्रणा ऐनवेळी दगा देते, आणि कारण बहुधा क्षुल्लक असतं: उतरलेली स्टार्टर बॅटरी, बंद राहिलेला डिझेलचा कॉक, मॅन्युअलवर विसरलेला सिलेक्टर स्विच. आठवड्याला पाच मिनिटं सेट रिकामा चालवून यातलं सगळं कळत नाही. चाचणी म्हणजे महिन्यातून एकदा, पूर्वसूचना देऊन, खरोखर मेन स्विच पाडायचा आणि निदान अर्धा तास खऱ्या लोडवर सेट चालवायचा. सुरू व्हायला किती सेकंद लागले, व्होल्टेज किती खाली आलं, डिझेल किती गेलं, हे वहीत लिहायचं. त्या वेळी पाळीवर असलेल्या माणसाच्या हातून हे झालं पाहिजे, कारण रात्री दोनला तोच एकटा तिथे असणार आहे.

खंडेनवमीला आपण जनरेटरला हार घालतो, हळदकुंकू वाहतो. रुग्णालय, शीतगृह, मॉल, सोसायटी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की ही दिवाळी संपली की पहिल्याच रविवारी मेन स्विच पाडून बघा आणि पुढच्या चाचणीची तारीख त्याच वहीत लिहून ठेवा.